पंचसूना आणि आपल्या पानातील अन्न

पान वाढून झाले म्हणजे चित्राहुती घालाव्या, पानाभोवती पाणी फिरवावे आणि मगच पहिला घास घ्यावा, ही रीत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अजूनही, निदान सणावारी तरी, पाळली जाते. लहानपणी आम्हीही ती पाळीत असू. पण पाठ केलेले पाढे म्हणावे तशी. हात एकीकडे पाणी फिरवीत असे आणि डोळे पंगतीत पुढे सरकणाऱ्या वाढप्याकडे लागलेले असत. ज्या अन्नाला आपण हा मान देतो ते आले कोठून, ते पिकविले कोणी, आणि ते आपल्या पानात यावे म्हणून कोणाचे काय गेले, हा प्रश्न त्या वयात मनात येण्याचे कारण नव्हते. आता तो येतो, आणि एकदा आला म्हणजे सहजासहजी जात नाही. या लेखात त्याच प्रश्नाचा विचार आम्ही यथामति करणार आहोत. आम्ही शास्त्री नव्हे आणि पंडितही नव्हे; शालान्त परीक्षेपलीकडे आमचे शिक्षण गेलेले नाही. भिक्षुकाच्या घरी जन्मल्यामुळे जे कानांवर पडले आणि देवळाच्या आवारात जे डोळ्यांनी पाहिले, तेवढेच आमचे भांडवल आहे.

आपल्या गावात पिकलेले, साधे, नैसर्गिक अन्न खावे, असे सांगणारे अलीकडे पुष्कळ आहेत. कोणी ते आरोग्यासाठी सांगतात, कोणी चवीसाठी, तर कोणी आपल्या प्रांताच्या अभिमानासाठी. ही कारणे खोटी आहेत असे नव्हे. परंतु आरोग्य हा हिताचा प्रश्न झाला आणि चव हा आवडीचा. आम्हांस विचारावयाचे आहे ते निराळेच. यात काही कर्तव्य आहे काय? परसातले अळू सोडून घाटावरची कोबी आणणाऱ्याने, किंवा गावचा उकडा तांदूळ सोडून दूरदेशीचा तांदूळ शिजविणाऱ्याने काही अधर्म केला, असे म्हणता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस एका जुन्या कल्पनेचा मोठा आधार वाटला. ती कल्पना म्हणजे पंचसूना. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच सूना, म्हणजे हिंसेची पाच स्थाने, सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. चुलीत लाकडाबरोबर कीटक जळतात, जात्यापाट्यावर भरडले जातात, केरसुणीने मरतात, उखळात कांडले जातात आणि पाण्याच्या घड्याखाली चिरडतात. गृहस्थाची इच्छा असो वा नसो, ही हिंसा त्याच्याकडून रोज घडते. या दोषाच्या निरसनासाठी पंचमहायज्ञ सांगितले. देव, पितर, ऋषी, मनुष्य आणि भूतमात्र यांचा वाटा रोज काढून ठेवल्यावाचून गृहस्थाने जेवू नये, असा त्यांचा आशय आहे.

या कल्पनेत दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. पहिली ही की, संपूर्ण निर्दोष जेवण नावाची वस्तू जगात नाही, हे ती आरंभीच मान्य करते. जो जेवतो तो कोणाचे तरी काही घेतो. म्हणून ‘माझे अन्न शुद्ध, तुझे अशुद्ध’ अशी फुशारकी मारण्यास येथे जागाच उरत नाही. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ही पाचही स्थाने घरातली आहेत. चूल घरातली, केरसुणी घरातली, घडाही घरातला. ज्या गृहिणीने चुलीत लाकूड घातले, तिने त्यातून पळणारी मुंगी पाहिली. दोष डोळ्यांसमोर घडत होता म्हणून ऋण डोळ्यांसमोर राहत होते, आणि ऋण डोळ्यांसमोर राहिले म्हणून भूतबलीचा घास हातून सहज निघत होता.

आज स्थिती काय आहे? आपल्या घरातील पाटा-वरवंटा केव्हाच गेला, उखळ अंगणाच्या कोपऱ्यात पालथे पडले, चुलीच्या जागी गॅसची शेगडी आली. यामुळे घरातील स्त्रियांचे कष्ट कमी झाले, ही आनंदाची गोष्ट होय; त्याबद्दल अश्रू ढाळणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. पण पाच सूना गेल्या असे मात्र नाही. त्या घरातून उठून दूर गेल्या. आपण वडे तळतो, फराळाची बांधलेली पाकिटे आणतो. त्यांतील पुष्कळ जिनसांत पामतेल असते. हिंदुस्थानात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते, आणि त्यांत मोठा वाटा इंडोनेशिया व मलेशिया येथील पामतेलाचा आहे. त्या लागवडीसाठी बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवरील घनदाट अरण्ये तोडली गेली, आणि ओरांगउटान नावाचा माणसासारखा दिसणारा वानर त्यामुळे निर्वंश होण्याच्या मार्गास लागला. पंजाबात भाताच्या पिकासाठी जमिनीखालचे पाणी इतके उपसले गेले की, विहिरींची पातळी वर्षानुवर्षे खाली चालली आहे. चुलीतली मुंगी आपल्या आजीला दिसत होती; हे अरण्य आणि हे पाणी आपणांस दिसत नाही. दोष पूर्वीपेक्षा मोठा झाला आणि ऋणाची जाणीव मात्र लहान झाली. आमच्या मते या विषयाचे नैतिक मर्म येथे आहे. दूरचे अन्न दूरचे आहे म्हणून वाईट नव्हे. त्याच्यापायी घडलेले आपणांस दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची भरपाई करण्याची बुद्धी होत नाही, म्हणून ते धोक्याचे.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर आपल्या गोमंतकातील खाजन शेतीकडे पाहावे. खाडीकाठची खारी जमीन मातीचे बांध घालून आपल्या पूर्वजांनी पिकाखाली आणली. बांधाला मानस, म्हणजे पाण्याची दारे, बसविली; भरतीला ती मिटावी आणि ओहोटीला उघडावी, अशी योजना केली. पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन निघाले की तेथे कोरगुटासारखे खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात पेरावयाचे. मानशीच्या तोंडाशी मासळीही मिळे. या शेतीचे वैशिष्ट्य असे की, बांधाला खेकड्याने पाडलेले एक भोक बुजविण्याचा आळस एकाने केला, तर खारे पाणी त्याच्या एकट्याच्या शेतात शिरत नाही. ते साऱ्या वांगडाच्या शेतांत शिरते. म्हणून बांध हा गावाचा असे आणि त्याची राखणही गावाची असे. त्या शेतातला तांदूळ जो खाई, त्याला शेजाऱ्याशी भांडूनही शेजारधर्म सोडता येत नसे. अन्न जवळचे असणे याचा खरा अर्थ आम्ही असा समजतो. त्यात मैलांचा हिशेब दुय्यम आहे. ज्या अन्नाच्या बऱ्यावाईटाचे फळ आपल्याच दाराशी येते, ते जवळचे अन्न.

आता या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, ‘आपले’ म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्यातले बरेचसे मुळात परदेशचे आहे. हे अगदी खरे आहे. मिरची अमेरिका खंडातली. ती सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. काजू ब्राझीलमधून आला. पेरू, पपई, अननस, बटाटा, रताळे, भुईमूग हे सारे त्याच बाजूचे. एकादशीला आपण जी साबूदाण्याची खिचडी भक्तिभावाने खातो, तिच्यातला साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला, शेंगदाणा अमेरिकेतला, बटाटा अमेरिकेतला आणि मिरचीही अमेरिकेतली! आणि काणकोणातील खोला गावची मिरची मात्र आज इतकी आपली झाली आहे की, २०२० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. यावरून निघणारा निष्कर्ष आमच्या मताला बाधक नसून पोषक आहे. अन्नाचे आपलेपण त्याच्या जन्मावर ठरत नाही, सहवासावर ठरते. जे बीज आपल्या मातीत रुजले, ज्याची निगा आपल्या माणसांनी राखली, ते आपले. माणसांच्या बाबतीतही हाच न्याय लावता आला तर किती बरे होईल!

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दूरच्या धान्याने माणसे जगविली आहेत, त्याचे काय? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी लोकांनी अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. ती बेचव होती असे वृद्ध माणसे सांगतात. पण ती नसती तर काय झाले असते, हेही तीच सांगतात. आजही ज्या घरी शिधापत्रिकेवरील तांदळावर चूल पेटते, त्या घरी जाऊन ‘गावचा तांदूळ खा’ असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय. गावचा तांदूळ महाग पडतो, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. तेव्हा आम्ही असे म्हणू की, हे कर्तव्य ऐपतीच्या प्रमाणात आहे. ज्याला निवड करण्याची सोय आहे, त्याच्यावरच निवडीची जबाबदारी आहे. पाचशे रुपयांचे परदेशी फळ आनंदाने घेणाऱ्याने परसातला माठ विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करावी, यात मात्र दोष आहे आणि तो उघड आहे.

तिसरा आक्षेप आमच्या स्वतःच्या मनातला आहे. जवळचे ते निर्दोष असते काय? मुळीच नाही. गावच्या भाजीवरही औषधाचा अतिरिक्त फवारा असू शकतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाचेही तेच. आपल्या चतुर्थीच्या माटोळीचे उदाहरण घ्या. गणपतीवर बांधावयाच्या त्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे कात्रे, तोरिंगण, चिबूड यांबरोबर रानातली कांगलां, माट्ट्यो, घागऱ्यो बांधण्याची आपली केवढी सुंदर रीत! त्या निमित्ताने घरातली मुले वडीलधाऱ्यांबरोबर डोंगरावर जात आणि कोणते झाड कोठे आहे हे शिकत. आता आपण ती सारी सामग्री बाजारात वाट्याने विकत घेतो. ती रानातलीच आहे, गावचीच आहे. पण ती आणणाऱ्याने वेल मुळासकट ओढला की एक फळ घेऊन बाकीची बीजासाठी सोडली, हे आपणांस ठाऊक नसते. म्हणजे पुन्हा न दिसणारी सूनाच! जवळचे असूनही पाहिले नाही, तर जवळ असण्याचा उपयोग काय?

२०२० च्या मार्च महिन्याच्या अखेरीस या साऱ्याचा प्रत्यय आपण सर्वांनी घेतला आहे. टाळेबंदी झाली आणि पहिले काही दिवस तर गोव्यात वाणसामानाची दुकानेही बंद होती. बेळगावहून घाट उतरून येणारी भाजी अडली. त्या आठवड्यात आमच्या घरी आईने काय केले ते आम्हांस चांगले आठवते. कुळथाची पिठी, फणसाच्या कुयरीची भाजी, आळसांदे, सोलांचे सार आणि नारळ. पहिले दोन दिवस आम्ही कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की, आमच्याच आवारात इतके अन्न आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते. आणि त्याच वेळी दुसरेही लक्षात आले. तांदूळ मात्र दुकानातला होता. आमच्या घरचा वायंगणाचा तुकडा कित्येक वर्षे पडीक आहे. मजूर मिळत नाही, परवडत नाही, ही कारणे आम्ही सांगतो आणि ती खरीही आहेत. परंतु पडीक शेताच्या मालकाने अन्नावर लेख लिहावा, यातील विसंगती वाचकांनी दाखविण्यापूर्वी आम्हीच कबूल करतो.

आणखी एक कबुली द्यावयाची आहे. किंबहुना तिच्यामुळेच हा लेख लिहावा असे वाटले. आमच्या देवळाच्या उत्सवात महाप्रसादाला पूर्वी फणसाच्या पानांच्या पत्रावळी असत. हिराच्या काड्यांनी त्या लावणारी एक वृद्ध स्त्री होती. तिच्या सासूनेही हेच काम केले होते. काही वर्षांपूर्वी सामान आणण्याचे काम प्रथमच आमच्याकडे आले. हिशेब करता शहरातली तयार चकचकीत ताटे स्वस्त पडतात, वेळही वाचतो, असे आम्हांस दिसले, आणि ती आम्हीच मागविली. उत्सवाच्या आठ दिवस आधी ती बाई नेहमीप्रमाणे देवळात आली आणि यंदा पाने किती लावू, असे विचारू लागली. आम्ही सांगितले की, यंदा नकोत. ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बरेच झाले, बाबा. मला आता डोळ्यांनी दिसत नाही. पण यंदा नात येणार होती शिकायला.’’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती देवाला नमस्कार करून गेली. उत्सव उत्तम पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागच्या खड्ड्यात उष्ट्या ताटांचा ढीग पाहिला. पत्रावळी असत तेव्हा त्या गाई खात, उरलेल्या माडांच्या आळ्यांत कुजत. हा ढीग पहिल्या पावसातही तसाच राहिला. पुढच्या वर्षी आम्ही त्या बाईच्या घरी गेलो. ती अंथरुणाला खिळली होती आणि नात पणजीस नोकरीला लागली होती. तेव्हापासून पत्रावळी आम्ही बाहेरगावाहून आणतो. १ जुलै २०२२ पासून सरकारने थर्माकोलची व प्लॅस्टिकची ताटे बंद केली आहेत. कायद्याने ताटे बंद करता येतात. पण गेलेला हात परत आणता येत नाही. हिशेब करताना आम्ही ताटाची किंमत धरली होती, त्या नातीची धरली नव्हती.

आपल्या पूर्वजांना हा हिशेब कळत होता, याची खूण अजून आपल्या घरांत आहे. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीचे व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. हाताने खणून लावलेल्या किंवा आपोआप उगवलेल्या भाज्या आणि कंद, म्हणजे अळू, माठ, सुरण, भोपळा, त्या दिवशी शिजतात. वर्षातले बाकीचे दिवस बैलाचे श्रम खाल्ल्यावाचून चालत नाही, हे त्या जाणतात. म्हणून एक दिवस ते खावयाचे नाहीत, आणि त्या एका दिवशी ‘हे अन्न कोणाच्या कष्टाचे?’ हा प्रश्न प्रत्येक भाजीला विचारावयाचा. आता शेतात बैल दुर्मिळ झाला आणि यंत्र आले. व्रत राहिले. मग तो प्रश्न आपण यंत्राला, ट्रकला, शीतगृहाला आणि पामतेलाच्या पाकिटाला का विचारू नये?

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. दूरचे अन्न खाणे हा अधर्म नव्हे. परंतु आपले अन्न कोठून येते याची विचारपूस न करणे, आणि ऐपत असूनही जवळच्या हातांना काम न देणे, हा मात्र ऋण बुडविण्याचा प्रकार आहे. संपूर्ण निर्दोषता आपल्या आवाक्यात नाही. ऋण ओळखून थोडे थोडे फेडणे आवाक्यात आहे. पंचमहायज्ञही रोज थोडे थोडेच करावयाचे असतात.

मोठमोठे संकल्प मोडण्यासाठीच केले जातात, म्हणून आम्ही सदस्य कुटुंबांपुढे लहान गोष्टी ठेवतो. आठवड्यातून एक जेवण असे करावे की, त्यातील मीठ, भाजी, आंबट आणि नारळ यांचा ठिकाणा घरातल्या लहान मुलालाही सांगता यावा. माटोळीचे निदान एक फळ घरच्यांनी स्वतः रानात जाऊन आणावे आणि त्याच वेलावर एक सोडून यावे. पान वाढताना जेवढे खपेल तेवढेच वाढावे. टाकलेल्या अन्नाइतके दूरचे अन्न दुसरे नाही. आणि ज्यांना पत्रावळी लावता येते अशी एखादी आजी कोणाच्या वाड्यावर असेल, तर तिने उत्सवापूर्वी एक दुपार देवळाच्या मंडपात येऊन बसावे, ही विनंती. पाने आम्ही आणू, हीर आम्ही सोलू, आणि शिकावयास सर्वांच्या आधी आम्हीच बसू.